जोयो कांजी : २१३६ची यादी पाठ करायची की नाही?

गवती_चहा

नमस्कार मंडळी. इथे जपानी शिकणारे, शिकवणारे आणि तिकडे राहणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

पुण्यात क्लासला जाते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ पातळी झाली, डिसेंबरात त्यापुढची एन२ द्यायचा विचार आहे. आतापर्यंत धड्यात येतील तशी कांजी, म्हणजे जपानीतली चिनी मूळाची अक्षरं, शिकत गेले, पण आता गाडं अडलंय. अक्षर ओळखीचं वाटतं, उच्चार आठवत नाही. उच्चार आठवला तर नेमका तो त्या शब्दात चालत नाही. आमच्या वर्गात एक काका आहेत, निवृत्तीनंतर शिकतात आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे आहेत. ते म्हणाले, सरकारची जोयो कांजीची, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची, यादी घे आणि जपानी पोरं शिकतात तशी पहिलीपासून सुरुवात कर. पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००, असं करत प्राथमिक शाळेत १०२६ होतात, बाकीची पुढच्या शाळेत. एकूण २१३६. रोज वहीत गिरवायची.

माझी मैत्रीण म्हणते, गिरवणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. जेएलपीटीत एक अक्षरही हाताने लिहावं लागत नाही, सगळे पर्याय असतात.

तर दोन प्रश्न. यादीच्या क्रमाने जावं का? आणि हाताने लिहावं का?

ता.क. इथे कांजी टंकली की नुसते चौकोन उमटतात. कृपया अक्षराचं वर्णन करून देवनागरीतच सांगा.

फुरसत

मी कपड्यांना घालायची कांजी समजून आत आलो. आलोच आहे तर बसतो मागच्या बाकावर.

पेठेतला_काका

आधी खुलासा: ते काका मी नव्हे. पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

हाताने लिहिल्याशिवाय अक्षर डोळ्यात बसत नाही. 'देऊळ' हे अक्षर घ्या. त्याच्या डावीकडे हात जोडला की 'धरणे', चालण्याची खूण जोडली की 'थांबणे', माणूस जोडला की 'सामुराई'. छापील मजकुरात तिन्ही सारखी दिसतात आणि परीक्षेत पर्याय म्हणून नेमकी तिन्ही शेजारी शेजारी देतात. ज्याने गिरवलंय त्याचा हातच सांगतो कुठलं कुठलं.

रेघांचा क्रमही पाळा. 'डावा' आणि 'उजवा' या दोन अक्षरांची वरची बाजू दिसायला एकच. पण डाव्यात आडवी रेघ आधी, उजव्यात तिरकी आधी. आमच्या सेन्सेईंनी यावरून वर्गात सगळ्यांना फळ्यापाशी उभं केलं होतं. तेव्हापासून कोणी विसरलं नाही.

अर्धविराम

काका, परीक्षेच्या पेपरात कोणता हात आधी उचलला हे कोण बघतं?

पेठेतला_काका

पेपरात कोणी बघत नाही. फोनवर बोटाने अक्षर काढून कोश शोधाल तेव्हा क्रम चुकला की भलतंच अक्षर समोर येतं. करून बघा.

मंद्रसप्तक

जपानी-इंग्रजी-मराठी भाषांतरावर पोट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे.

ही यादी शिकणाऱ्यांसाठी केलेलीच नाही. १९४६मध्ये, युद्धानंतर, जपान सरकारने 'तोयो कांजी' म्हणून १८५० अक्षरं ठरवली. हेतू मर्यादा घालण्याचा होता: कायदे, सरकारी कागद, वर्तमानपत्रं यांनी एवढ्यातच भागवावं. कांजी पुढेमागे पूर्ण बंदच करावी असं म्हणणारेही त्या काळात होते. १९८१मध्ये 'जोयो कांजी' आली, १९४५ अक्षरांची, आणि भूमिका मवाळ झाली. मर्यादेऐवजी 'साधारण धोरण' म्हणा. २०१०मध्ये त्यातली ५ काढली, १९६ घातली, झाली २१३६. काढलेल्या पाचात मोती तोलायचं जुनं वजन 'मोम्मे' होतं, सूतकताईची चाती होती. घातलेल्यांत काय होतं? ओसाकामधलं 'साका'! म्हणजे २०१०पर्यंत देशातल्या इतक्या मोठ्या शहराच्या नावातलं अक्षर 'नेहमीच्या वापरातलं' नव्हतं. नारा, कुमामोतो, गिफु, सायतामा यांचीही तीच कथा. पुलं देशपांडे उद्यानाला आपण पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतो, त्या ओकायामातलं 'ओका'ही २०१०मध्येच आत आलं.

यादीबाहेरचं अक्षर आलं की वर्तमानपत्रं शब्दाचा तेवढा तुकडा हिरागानात, म्हणजे साध्या उच्चारलिपीत, छापायची. 'राची', म्हणजे अपहरण, हा शब्द उत्तर कोरियामुळे रोज पहिल्या पानावर असायचा आणि कित्येकदा अर्धा हिरागाना अर्धा कांजी असा छापलेला दिसे. कारण 'रा' यादीत नव्हतं.

म्हणजे ही यादी संपादकांसाठीचं कुंपण आहे. ती शिडी म्हणून वापरू नका.

निशिकासाईची_आई

मंद्रसप्तक, इतिहास छान सांगितलात, पण आमच्या घरी ती शिडीच आहे हो. लेक इथल्या सरकारी शाळेत चौथीत आहे. २०२०पासून प्रांतांच्या नावांतली २० अक्षरं चौथीत आली. ओसाका, नारा, गिफु, कुमामोतो सगळी. हे विशेषतः कोणाला कळतं तर रात्री जेवण झाल्यावर सराववही घेऊन बसणाऱ्या आईला.

इथे अक्षर नुसतं ओळखू येऊन चालत नाही. रेघ कुठे थांबवायची (तोमे), कुठे टोकाला उडवायची (हाने), कुठे निमुळती सोडायची (हाराइ) हे सगळं बघतात. एका चाचणीत 'झाड' या अक्षराच्या उभ्या रेघेला लेकीने खाली छोटा हुक दिला, तर गुण गेले. मी बाईंना विचारलं, त्या हसून म्हणाल्या, पुस्तकात नाहीये ना.

मंद्रसप्तक

हे वाचाच. २०१६मध्ये जपानच्या सांस्कृतिक खात्याने याच विषयावर मार्गदर्शिका काढली. हस्ताक्षरात थांबवणं-उडवणं असे फरक सहसा चूक धरू नयेत, छापील आणि हाती अक्षरात फरक असणारच, असा तिचा सूर आहे. 'झाड'चं उदाहरण तर त्या चर्चेत हमखास येतं.

निशिकासाईची_आई

माहीत आहे. मार्गदर्शिका दाखवून बाईंशी वाद घालायला मला आधी ती मार्गदर्शिका वाचता आली पाहिजे!

शेवगा

हाहाहा. वरचा प्रतिसाद फ्रेम करून ठेवण्यासारखा.

हिरवी_वाट

मी मंद्रसप्तक यांच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. शाळेचा क्रम अशा मुलासाठी आहे ज्याला जपानी आधीपासून बोलता येतं. त्याला 'शिंपला', 'किडा', 'बांबू' ही पहिलीची अक्षरं सोपी, कारण शब्द तोंडात आहेत. मी चाकणच्या एका कंपनीत दुभाषी आहे. मला पहिल्या आठवड्यात लागलं काय? 'केइयाकु', म्हणजे करार. त्यातलं पहिलं अक्षर प्राथमिक शाळेच्या १०२६मध्ये नाहीच. 'सेइक्युशो', म्हणजे बिल. त्याचंही पहिलं अक्षर नाही. 'केइझाइ', अर्थव्यवस्था: एक अक्षर पाचवीत, दुसरं सहावीत. चहाताई पहिलीपासून निघाल्या तर शिंपल्यापासून बिलापर्यंत पोचेस्तोवर डिसेंबर उलटून जाईल.

आणि एक गैरसमज, की पहिलीची अक्षरं म्हणजे सोपी. 'जन्म/जगणे/कच्चं' असे अर्थ असलेलं पाच रेघांचं अक्षर पहिलीत आहे. सेन्सेईमधलं 'सेइ' तेच, इश्शो(जन्मभर)मधलं 'शो' तेच, नामा बिअरमधलं 'नामा' तेच, उमारेरु, इकिरु, हाएरु सगळ्यांत तेच. खुद्द जोयो यादीत त्याचे डझनभर उच्चार दिलेत. याउलट यादीतलं सगळ्यात जास्त रेघांचं अक्षर 'उत्सु', २९ रेघा, उच्चार मात्र एकच.

अर्धविराम

'उत्सु' म्हणजे काय?

हिरवी_वाट

नैराश्य.

अर्धविराम

२९ रेघा काढल्यावर येणारच.

पेठेतला_काका

हिरवी वाट, मुद्दा मान्य. पण उच्चारांची डोकेदुखी अक्षरं सुटी शिकल्यामुळे येते की न गिरवल्यामुळे, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

हिरवी_वाट

सुटी शिकल्यामुळे. आपल्याकडे 'पाणी' वेगळं आणि 'जल' वेगळं, पण 'पाणीवाहतूक' कोणी म्हणत नाही, जलवाहतूक म्हणतात. जपानीत हे दोन्ही शब्द एकाच अक्षरात कोंबलेत. सुटं असलं की 'मिझु', जोडशब्दात 'सुइ'. मराठी माणसाला हे खरं तर लवकर कळायला हवं. म्हणून मी अक्षराचे उच्चार पाठ करतच नाही. शब्द पाठ करते, उच्चार आपोआप जमा होतात.

नितळ

शब्द पाठ करा हे सगळे सांगतात, पण हजारो शब्द तरी डोक्यात कसे राहणार? माझ्यासाठी खरी किल्ली ठरली ती ध्वनीच्या भागाची. बहुतेक जण बुशु, म्हणजे अर्थाचा भाग, शिकतात आणि उरलेला भाग सोडून देतात. उच्चार तर तिथेच असतो.

'निळा/हिरवा' असा अर्थ असलेलं 'आओ' घ्या. त्याचा चिनी वळणाचा उच्चार 'सेइ'. आता डावीकडे पाणी जोडा: स्वच्छ, उच्चार सेइ. सूर्य जोडा: निरभ्र आकाश, सेइ. तांदूळ जोडा: सडून शुद्ध केलेलं, सूक्ष्म, सेइ. वाणी जोडा: विनंती करणे, मागणे, सेइ. हेच ते हिरव्या वाटेचं बिलातलं अक्षर. एकदा हे कुटुंब बसलं की बिल वाचायला सहावी पास व्हावं लागत नाही.

काकांचं देऊळही तसंच. देऊळ 'जि', त्याला सूर्य जोडून 'काळ' झाला तरी जि, हात जोडून 'धरणे' झालं तरी जि, सामुराईही जि. वाणी जोडून 'कविता' झाली की 'शि', अगदी जवळच. दगा देतात ती दोन-तीन: 'थांबणे'चा उच्चार 'ताइ', बैल जोडून 'विशेष' झालं की 'तोकु'. 'आओ'ला हृदय जोडलं की 'भावना', तिथे बहुतेक वेळा 'जो'. म्हणजे नियम डोळे मिटून लावायचा नाही, पण अनोळखी शब्द समोर आला तर पहिला अंदाज बरोबर येण्याची शक्यता खूप वाढते.

गवती_चहा

नितळ, हे आम्हाला क्लासमध्ये कोणी का नाही सांगितलं? आजच वहीत देवळाचं पान केलं.

शेवगा

थोडं विषयांतर. मी संगणकवाला, मला यादीबाहेरच्यांचं कौतुक.

१९७८मध्ये जपानने संगणकासाठी अक्षरांचा राष्ट्रीय संच ठरवला. नंतर लोकांच्या लक्षात आलं की त्यातल्या काही अक्षरांना अर्थच नाही, कुठल्या कोशात नाहीत, कुठल्या नावात नाहीत. त्यांना 'युरेइ मोजि', भुताची अक्षरं, असं नाव पडलं. १९९७च्या सुधारणेच्या वेळी मागोवा घेतला तेव्हा एकाचा उगम असा निघाला: एका गावाच्या नावातलं अक्षर बनवायला 'डोंगर' आणि 'बाई' असे दोन कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवले होते, आणि जोडावरची सावली प्रत काढताना आडवी रेघ म्हणून उमटली. तीच पुढे अक्षराचा भाग झाली. आज ते भूत तुमच्या-माझ्या प्रत्येक फोनमध्ये आहे. आणखी एकाचा तर माग शेवटपर्यंत लागला नाही.

फुरसत

म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावासारखं. एकदा चढलं की चढलं.

निशिकासाईची_आई

विषयांतर चाललंच आहे तर नावांचं ऐका. अक्षर जोयोत असलं की नावात चालतं. वर नावांसाठी आणखी ८६३ अक्षरांची वेगळी यादी आहे. १९९३मध्ये तोक्योजवळच्या आकिशिमा शहरात एका जोडप्याने मुलाचं नाव 'आकुमा' ठेवायचं ठरवलं. आकुमा म्हणजे सैतान. 'वाईट' आणि 'भूत', दोन्ही अक्षरं जोयो यादीतली, त्यामुळे त्या आघाडीवर कोणी काही म्हणू शकेना! नगरपालिकेने अडवलं, प्रकरण न्यायालयात गेलं, शेवटी आईवडिलांनी दुसरं नाव ठेवलं.

आणि अक्षरं ठरली तरी उच्चार आईवडिलांच्या मर्जीवर. २०२५च्या मे महिन्यापासून कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चारही नोंदवायला लागले आहेत. तोवर नोंदणीत तो नव्हताच. लेकीच्या वर्गाची हजेरी नवीन बाईंनाही आधी फुरिगाना, म्हणजे अक्षराशेजारी लिहिलेला उच्चार, बघूनच घ्यावी लागते. तेव्हा चहा, तुम्हाला नावं वाचता आली नाहीत तर अजिबात खंत करू नका.

आजी_डोंबिवली

नातू ओसाकात असतो म्हणून हा धागा वाचते आहे. मला एक विचारायचं होतं. नातवाच्या भिंतीवर जपानी मुळाक्षरांचा तक्ता आहे, तो आ इ उ ए ओ, का, सा, ता, ना असा जातो. आपल्यासारखाच क्रम कसा?

मंद्रसप्तक

आजी, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. तो क्रम आपलाच आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम लिपी शिकत, त्यातून वर्णमालेची मांडणी तिकडे गेली. आधी स्वर, मग कंठ्यापासून ओष्ठ्यांपर्यंत, मग या, रा, वा. 'सा' आपल्या 'च'च्या जागी आणि 'हा' आपल्या 'प'च्या जागी दिसतो, कारण प्राचीन जपानीत त्यांचे उच्चार तसे जवळचे होते. त्यामुळे जपानी कोश चाळताना मराठी माणसाला इतरांपेक्षा कमी त्रास होतो.

वारही बघा. त्यांचे वार सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, सोनं, माती. मंगळ म्हणजे त्यांचा अग्नीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा. क्रम आपल्या रवि-सोम-मंगळचाच. ही सातही अक्षरं पहिलीच्या ऐंशीत आहेत. नातवाच्या कॅलेंडरवरून तुम्ही आजच शिकू शकाल.

आजी_डोंबिवली

शिकते. त्याला फोनवर सांगते की आजीला सात आली.

पेठेतला_काका

आजींना साष्टांग नमस्कार. आता मूळ मुद्दा. लिहिण्याच्या विरोधात अजून कोणी ठोस बोललेलं नाही.

हिरवी_वाट

काका, मी बोलते. ऑफिसात हाताने काय लिहावं लागतं? स्वतःचं नाव काताकानात (परकी नावं लिहायची उच्चारलिपी), पत्ता, तारीख. बाकी सगळं टंकन. 'कोशो' टंकलं की यादी उघडते: वाटाघाटी, शाळेचं बोधचिन्ह, मौखिक परंपरा, आणि खाली अजून कितीतरी. त्यातलं बरोबर ते निवडायचं. म्हणजे कामाचं कौशल्य ओळखण्याचं आहे. जपानी सहकारीही लिहायला बसले की अडतात आणि फोन काढून बघतात. 'वापुरो बाका', वर्डप्रोसेसरने बिघडवलेला मठ्ठ, असा शब्दच आहे त्यांच्याकडे.

पेठेतला_काका

ज्यांनी लहानपणी हजारदा गिरवलं त्यांना विसरणं परवडतं. आपण आधी शिकायचं तरी, मग विसरू. ज्यांना लिहिण्याची हौस आहे त्यांनी 'कांजी केन्तेई' या कांजीच्या परीक्षेचे जुने पेपर सोडवावेत. तिथे हाताने लिहावंच लागतं. दुसऱ्या पातळीला पूर्ण जोयो यादी असते, पहिल्या पातळीला सुमारे सहा हजार अक्षरं.

नितळ

मधला मार्ग: सगळी लिहू नका, जी दोन अक्षरं एकमेकांत गोंधळतात तेवढीच जोडीने लिहा. थांबणे-धरणे-सामुराई पुन्हा पुन्हा चुकतात ना? ती लिहा. 'बांबू' कधीच चुकत नाही, तो कशाला लिहायचा?

पेठेतला_काका

हे मला चालेल. पूर्ण पटलेलं नाही, पण चालेल.

मंद्रसप्तक

आकडे हवे असतील तर: वर्तमानपत्री मजकुरात सगळ्यात जास्त येणारी ५०० अक्षरं कांजीचा साधारण ८० टक्के भाग व्यापतात, १००० अक्षरं ९० टक्क्यांच्या बरीच पुढे जातात. हे ऐकून लोक हजारावर थांबतात. पण बातमीचा अर्थ नेमका उरलेल्या अक्षरांत असतो. 'काल', 'म्हणाले', 'देश', 'मोठा' एवढं कळतं आणि कोणी काय चोरलं ते राहून जातं. आणि ती उरलेली अक्षरं प्रत्येकाची वेगळी: हिरव्या वाटेची करारातली, दवाखान्यात काम करणाऱ्याची शरीराची. म्हणून म्हणतो, पहिली हजार कुठल्याही क्रमाने करा, पुढची आपापल्या कामाने ठरवा.

२०१०पासून जेएलपीटी कांजीची अधिकृत यादी देत नाही. एन२ला हजार, एन१ला दोन हजार हे सगळे बाजारातल्या पुस्तकांचे अंदाज आहेत.

अर्धविराम

या धाग्याचं 'वर्षाचं कांजी' ठरवा. क्योतोच्या कियोमिझु देवळात दर डिसेंबरला भलामोठा कुंचला घेऊन एक अक्षर लिहितात ना, तसं. १९९५मध्ये पहिलं होतं 'हादरा', कोबेचा भूकंप झाला त्या वर्षी. २०२३ला 'कर'. आपलं काय?

फुरसत

'देऊळ'. निम्मा धागा त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय.

गवती_चहा

सर्वांचे आभार. माझं ठरलंय ते सांगते. यादीच्या क्रमाने जाणार नाही. एन२च्या जुन्या उताऱ्यांतले शब्द घेणार आणि ध्वनीच्या भागावरून त्यांची कुटुंबं लावणार, देवळाचं पान, 'आओ'चं पान अशी. लिहिणार फक्त चुकणारी अक्षरं, नितळ म्हणतात तशी जोडीने. वर्गातल्या काकांना हा धागा दाखवला. ते म्हणाले, "त्या पेठेतल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग, बाकीच्यांना म्हणावं परीक्षेनंतर भेटा."

आता एकच राहिलं: मोठ्या चौकोनांच्या, मध्ये तुटक रेघा असलेल्या वह्या पुण्यात कुठे मिळतात?

पेठेतला_काका

त्यांनाही माझा नमस्कार. वही शोधू नका. आपली पहिली-दुसरीची गणिताची चौकट वही घ्या, चार चौकोनांचा एक धरा. मधली रेघ आपोआप मिळते.

हिरवी_वाट

किंवा चौकोनी कागद घरी छापा, फुकट नमुने मिळतात. पण आधी परीक्षेचा अर्ज भरलात ना? पुण्याच्या जागा लवकर संपतात.

गवती_चहा

भरते आहे. फोटोचं माप बसत नाहीये.